सम आणि विषम

विषम रोल नंबरवाल्यांनी घरूनच शिकायचं,
समवाल्यांनी हॉलमध्ये.
वशिला नाही, भांडण नाही. संशोधन म्हणे.
माझा बावीस, सुलक्षणा उइकेचा तेवीस.
एका आकड्यानं ती गेली देवलापारला, आईच्या मोबाइलकडे,
आणि मी मेडिकल चौकातल्या त्या हॉलमध्ये,
जिथे मे महिन्यात कूलर
वाळा ओला ठेवता ठेवता स्वतःच धापा टाकतो.

टेबलावर बाहुली. रबराची, गव्हाळ,
कुठल्याच आईवर न गेलेली.
खोब्रागडे मॅडम म्हणाल्या, हिला रडता येत नाही,
तुमची चूक ही सांगणार नाही, मी सांगीन.
आणि सांगितली, मनगटावर दोन बोटं टेकवून :
मान एवढी नाही, एवढी.
फुलाचा वास घेताना जाते तेवढीच मागे.
मास्क डोळ्यांवर चढू देऊ नको.
ऐक, गालाशी फुस्स झालं ना?
ती हवा बाळाची होती.

दाब, दोन, तीन. दाब, दोन, तीन.
नीट जमलं की बाहुलीची छाती उचलायची
आणि आतून वाजायचं – टक्.
शाबासकीसारखं. मला सवय लागली त्याची.

तिकडे रेंज टेकडीमागे.
सुलक्षणा छपरावर चढून शिकली.
चौकोनातल्या मॅडमचं ‘दाब’ वेळेवर यायचं,
‘दोन’ अडकायचं,
‘तीन’ आणि पुढचं ‘दाब’ एकमेकांवर कोसळायचे.
शेवटी तिनं मोजणं त्यांच्याकडून काढून घेतलं,
स्वतःच्याच तोंडात ठेवलं.
अंबू बॅग म्हणून सलाइनची रिकामी बाटली.
बाळ म्हणून आईनं जुन्या लुगड्याची पिशवी शिवली,
तांदूळ भरले, किराण्याच्या काट्यावर तोलून
पावणेतीन किलो.
मानेपाशी मात्र कमी भरले.
“लेकराची मान का लाकडाची असते काय वं?”

परीक्षा झाली. समवाले चौऱ्याऐंशी टक्के आणि थोडे,
विषमवाले चौऱ्याऐंशी टक्के आणि थोडे.
सरांनी आलेख काढला :
दोन खांब शेजारी शेजारी, जुळ्यांसारखे.

मग ती रात्र. लेबर रूम, तीन चाळीस.
कळमन्याहून आलेली बाई,
नवरा बाजारात संत्र्यांची खोकी उचलणारा.
बाळ निळसर, गप्प.
डॉक्टर शेजारच्या टेबलावर रक्त थांबवत होत्या,
मान न वळवता म्हणाल्या, “सुरू करा.”

पुसलं. पाठ चोळली. काही नाही.
मास्क मी घेतला.
मान, एवढी नाही, एवढी,
मनगटाला बरोबर तिथेच आठवलं जिथे दोन बोटं होती.
पण पुसलं तरी बाळ ओलं होतं.
हे ना हॉलनं सांगितलं होतं, ना मोबाइलनं.
मास्क घसरतो. हनुवटी निसटते.
आणि टक् वाजत नाही.

मी टक् व्हायची वाट पाहत होते.
एका मिनिटातले किती सेकंद मी तशीच
एका रबरी आवाजासाठी उभी होते,
कुणाला सांगितलेलं नाही.

सुलक्षणानं मान खालून धरली,
पिशवीतले तांदूळ सरकू नयेत तशी.
“छाती पाह्य. आवाज नको ऐकू.”
मग मोजू लागली, न अडकता,
दाब, दोन, तीन,
आणि हवा माझ्या हातानं गेली
तिच्या आकड्यांवरून.

आधी एक उचकी आली.
नंतर रडणं. जरा नाराज, उशिरा उठवल्यासारखं.

आठवड्यानं फॉर्म आला.
‘कोणते प्रशिक्षण अधिक उपयुक्त वाटले? एकावर खूण करा.’
सुलक्षणानं माझ्या कागदात डोकावलं, मी तिच्या.
दोन्ही चौकोन कोरे.
“त्या बाहुलीचं वजन किती होतं वं?” तिनं विचारलं.
मला ठाऊक नव्हतं.
ती कायम टेबलावरच असायची,
उचलून कुणी घेतलीच नव्हती.

खाली ‘इतर सूचना’साठी एक ओळ होती.
मी लिहिलं :
बाहुली ओली करा.